ए मेजर, अर्धा सूर खाली

"आता तू एक कॉन्चेर्टो निवड," आंटी म्हणाल्या. तेव्हा त्या बटर बिस्किट चहात बुडवत होत्या, त्यामुळे मला वाटलं, सहज काहीतरी बोलल्या असतील. पण बिस्किट संपवून त्यांनी हात पुसले, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा तेच म्हणाल्या.

रविवारची सकाळ होती. नानपुऱ्यातल्या त्यांच्या बैठकीच्या खोलीत मी नुकताच एक मोठा सोनाटा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत न थांबता वाजवला होता आणि शाबासकीची वाट बघत बसले होते. शाबासकी म्हणून हे मिळालं.

कॉन्चेर्टो म्हणजे एका बाजूला एकटा पियानो आणि दुसऱ्या बाजूला अख्खा वाद्यवृंद. व्हायोलिन, बासरी, क्लॅरिनेट, सगळे. कधी ते बोलतात आणि पियानो ऐकतो, कधी उलट, कधी सगळे एकदम. मी इतकी वर्षं एकटीच वाजवत आले होते. चुकले तर माझी मी थांबायचे, पुन्हा मागे जायचे. कॉन्चेर्टोत कुणी तुमच्यासाठी थांबत नाही.

"पण आंटी, सुरतेत वाद्यवृंद कुठून आणायचा?"

"मी आहे ना. दुसऱ्या पियानोवर वाद्यवृंदाचं सगळं मी वाजवीन. तसं छापलेलंच असतं, दोन पियानोंसाठी."

"आणि दुसरा पियानो?"

"एका वेळी एकच काळजी कर, दीकरी."

आंटी पारशी. पंचाहत्तरी कधीच ओलांडलेली, पाठ ताठ, बोलणं गुजरातीत आणि भरभर. त्यांच्याशी मीही गुजरातीतच बोलते. इथे मराठीत लिहिते आहे एवढंच. त्यांचा पियानो त्यांच्या लग्नात मुंबईहून ट्रकमधून सुरतेला आला. त्यानंतर तो त्या खोलीतून हललेला नाही आणि आंटीही फारशा हललेल्या नाहीत.

मी त्यांच्याकडे कशी पोचले, तीही एक गंमतच आहे. मी साड्यांच्या छपाईची डिझाइनं करते, कॉम्प्युटरवर. नोकरीला लागून थोडेच दिवस झाले होते तेव्हा एका व्यापाऱ्याकडे नमुने दाखवायला नानपुऱ्यात गेले होते, आणि वरच्या खिडकीतून खराखुरा पियानो ऐकू आला. तोवर मला कीबोर्ड माहीत होता. उधन्यात आमच्या गल्लीतल्या गणेश मंडळात कीबोर्ड वाजवणाऱ्या एका काकांकडे मी लहानपणी शिकले होते, सिनेमाची गाणी, आरत्या, सगळं. पण हा आवाज वेगळाच होता. मी नमुन्यांची पिशवी छातीशी धरून खिडकीखाली उभी राहिले. आवाज थांबला, खिडकीतून पांढऱ्या केसांचं डोकं बाहेर आलं आणि ओरडलं, "कुरियर असेल तर वर आण! मी जिने उतरत नाही!" मी वर गेले. पिशवीत कुरियर नव्हतं हे समजल्यावर त्यांनी मला पाणी दिलं, मग चहा दिला, मग विचारलं, "वाजवतेस?" तेव्हापासूनचे माझे रविवार तिथेच गेले.

त्या दिवशी घरी आल्यावर मी आईला सांगितलं, आता मी ऑर्केस्ट्राबरोबर वाजवणार. घरी आम्ही दोघीच. आई भाकरी थापत होती. घरात ती अहिराणीच बोलते. तिचा चेहरा एकदम उजळला.

"म्हंजे गणपतीमा वाजाडशी?"

चूक तिची नव्हती. आमच्याकडे ऑर्केस्ट्रा म्हणजे मंडपाच्या स्टेजवर चमकीच्या कोटातला निवेदक, एक गायिका, एक गायक, मागे ढोलक-पॅड-कीबोर्ड आणि मध्येच कुणाच्या तरी फर्माइशीची चिठ्ठी. मी समजावून सांगायला लागले. व्हायोलिनवाले किती असतात, पुढे काठी घेऊन एक माणूस कसा उभा असतो, कुणीही गात कसं नाही. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"गाणारं कोनीच नई?" तिने विचारलं. "मंग लोकं काय ऐकतस?"

मला काय हवं होतं ते मला आधीपासूनच पक्कं माहीत होतं. सी मायनरमधला एक मोठा रशियन कॉन्चेर्टो. तो सुरू होताना पियानो एकटाच असतो, आणि लांबून घंटा वाजत जवळ येत जावी तसे जड सूर एकामागून एक चढत जातात. ऑफिसला जाता-येता बसमध्ये, कानात लावून, मी तो इतक्यांदा ऐकला होता की उधना दरवाजाचा थांबा आला की माझ्या डोक्यात वाद्यवृंद आत यायचा. पियानो शिकणाऱ्या जगभरच्या माणसांना तोच वाजवायचा असतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला वाटे, ही माझीच आवड आहे.

पुढच्या रविवारी मी त्याची छापलेली पानं घेऊन गेले. आंटींनी पहिलं पान पाहिलं, मग माझ्या हाताकडे पाहिलं.

"पंजा उघड," त्या म्हणाल्या.

मी उघडला. माझा हात आईसारखा आहे, आखूड बोटांचा. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत आठ सूर आरामात, ओढूनताणून नऊ. त्या घंटांना दहा लागतात, तेही एकदम दाबून.

"जमेल," मी म्हणाले. "सरावाने ताणतो हात."

त्या नाही म्हणाल्या नाहीत, याचं मला आजही नवल वाटतं. "बरं," म्हणाल्या, "वाजव."

पावसाळा सुरू झाला होता तेव्हा मी त्यात हात घातला आणि गौरी-गणपती आले तरी मी पहिल्याच पानांत होते. सूर तोडून तोडून वाजवत होते, आधी खालचा मग वरचे, आणि मनगट दुखायला लागलं होतं. ऑफिसात माउस धरला की कोपरापर्यंत कळ जायची. आई रोज संध्याकाळी तेल कोमट करून हात चोळून द्यायची आणि म्हणायची, हे वाजवणं आहे की कुस्ती?

एका रविवारी आंटी म्हणाल्या, "आज मी वाद्यवृंद वाजवते. तू सोलो वाजव. बघू कसं वाटतं." दुसरा पियानो नव्हताच, म्हणून आम्ही एकाच बाकावर शेजारी बसलो, मी वरच्या पट्ट्यांवर, त्या खालच्या. थोडंच वाजवायचं ठरलं. माझ्या घंटा संपल्या, आणि वाद्यवृंद येतो तिथे आंटींनी दोन्ही हात ठेवले. मी ऐकत राहिले. पण सूर पूर्ण भरून येत नव्हते. मी बाजूला पाहिलं. त्यांच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं उचललीच जात नव्हती. सांधे सुजलेले होते, आणि त्या दात आवळून वाजवत होत्या.

मी थांबले.

"का थांबलीस?"

"आंटी, तुमचे हात."

"हात आहेत, जागेवर आहेत." त्यांनी हात मांडीवर घेतले आणि पदराने झाकले. मग म्हणाल्या, "थंडीत जास्त होतं. हलकं असेल तर मी वाजवू शकते. पण हे असलं, मुठीएवढे सूर, हे आता माझ्याच्याने होणार नाही. मी तुला सांगणारच होते."

"आधी का नाही सांगितलंत?"

"तुला ते इतकं हवं होतं," त्या म्हणाल्या. "वाटलं, तूच सोडशील तर बरं."

त्या दिवशी घरी जाताना मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर हलकंच वाटलं. ते रशियन घोंगडं खांद्यावरून उतरलं होतं. आणि एक गोष्ट पहिल्यांदाच डोक्यात शिरली. इतके दिवस मी फक्त माझ्यासाठी निवडत होते. पण हे दोघींनी वाजवायचं होतं, तेव्हा चार हातांना जमेल असं काहीतरी हवं होतं.

मग आंटींनी त्यांच्या पसंतीचा एक दिला. डी मेजरमधला, जुना, चपळ, नीटनेटका. पहिल्यांदा शिकणाऱ्याला सगळे शिक्षक देतात तसा. माझ्या बोटांत तो पंधरवड्यात बसायला लागला. आंटींनाही जमत होता. त्याच्यात वाईट म्हणावं असं काहीच नव्हतं. स्थळ चांगलं असावं, मुलगा निर्व्यसनी असावा, आणि तरी पोरीने मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत बसावं, तसं माझं झालं. लग्नाचा विषय आईने माझ्या बाबतीत कधीच सोडून दिला होता, म्हणून मलाच ही उपमा सुचली आणि मी आंटींना सांगितली. त्या एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

"मग नको हा," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "वर्षभर रोज सकाळी तोंड बघायचं असतं त्याचं. पुढचा बघ."

पुढचा मला आंटींच्या कपाटात सापडला. ए मेजरमधला, व्हिएन्नात राहिलेल्या आणि तरुणपणीच गेलेल्या एका संगीतकाराचा. पानं पिवळी पडलेली, कडेला पेन्सिलीने बोटांचे आकडे लिहिलेले, आंटींच्या अक्षरात.

"हा तुम्ही वाजवलाय?"

"या खोलीत. एकटीने." त्यांनी पानं माझ्या हातातून घेतली आणि चाळली. "वाद्यवृंद माझा नवरा. आरामखुर्चीत बसून व्हायोलिनचं सगळं तोंडाने म्हणायचा. बेसूर! इतका बेसूर की शेजारचे खिडकी लावून घ्यायचे. पण एकदाही चुकीच्या जागी आला नाही हां, बरोबर मोजून यायचा."

"मग हाच का नाही दिलात मला आधी?"

"माझी आवड तुझ्या गळ्यात का बांधू?" त्या म्हणाल्या, आणि पानं परत दिली.

मी ती घरी नेली. घरी माझ्याकडे डिजिटल पियानो आहे, पलंगाच्या पायथ्याशी, खिडकीला लागून. पुढच्या शनिवारची संध्याकाळ होती आणि मामा आला होता. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. दिवसा तो उधन्यातच एका लूमच्या कारखान्यात असतो आणि लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. आमच्या खानदेशी लोकांच्या लग्नात वरातीत सगळ्यात पुढे त्याचा आवाज. तो स्वयंपाकघरात आईबरोबर चहा पीत बसला होता, आणि मी इकडे त्याच्या तीन भागांतला मधला संथ भाग हळूहळू वाचत होते.

त्या भागात सुरुवातीला पियानो एकटाच असतो. अगदी साधी चाल, झोक्यासारखी, पण उदास. मग पियानो गप्प होतो आणि वाद्यवृंद आत येतो, आणि तिथे क्लॅरिनेट एक ओळ धरतं जी ऐकली की पुन्हा ऐकावीशी वाटते. मी ती ओळ उजव्या हाताने नुसती वाजवून बघितली. पुन्हा वाजवली. तिसऱ्यांदा वाजवताना लक्षात आलं की स्वयंपाकघरातून कुणीतरी शीळ घालतंय, माझ्याच बरोबर.

मामा कप घेऊन दारात आला.

"हाई काय वाजाडी ऱ्हायनी तू?"

"ही तुझीच ओळ आहे, मामा. क्लॅरिनेटची."

"मनी?" त्याला ते खरंच वाटलं नाही. मी त्याला फोनवर ऐकवलं. त्याने डोळे मिटून ऐकलं, मध्ये एकदा "आह" केलं, आणि कप माझ्या पियानोवर ठेवला. "थांब माय, वाजं लई येस गाडीवरथून."

त्याला स्टाफ नोटेशन येत नाही, पण कानाने ऐकलेलं तो सहसा विसरत नाही. त्याने गाडीवरून आणलेली पेटी उघडली, क्लॅरिनेट जोडलं, फुंकलं, आणि पहिल्याच वळणावर अडखळला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा त्याने क्लॅरिनेट खाली घेतलं आणि हार्मोनियमवाल्यांच्या भाषेत विचारलं, "कोणती पट्टी ही?"

"काळी तीन. या मधल्या भागापुरती."

"काळी तीन!" मामाने कपाळाला हात लावला. "कोणी लिहिलंय हे? यात माझी बोटं वाकडीतिकडी होतात. अर्धा सूर खाली असतं ना, पांढरी चार, तर मनं घरनं काम शे."

आणि तिथे बसल्या बसल्या मला आठवलं. आंटींचा पियानो अर्धा सूर खालीच आहे. मुंबईहून वर्षा-दोन वर्षांतून एक पियानो लावणारे म्हातारे गृहस्थ येतात. जुन्या तारा पूर्ण ताणल्या तर तुटतील म्हणून त्यांनी सगळा पियानो मुद्दामच अर्ध्या सुराने खाली उतरवून ठेवलाय. आंटी म्हणतात, "आम्ही दोघं एकाच वयाचे. आम्हाला कुणी जास्त ताणू नये." तिथे काळी तीन दाबली की पांढरी चार वाजते.

मी हे मामाला सांगितलं. मग माझ्या पियानोवरचं एक बटण दाबून तोही अर्ध्या सुराने खाली आणला आणि आम्ही पुन्हा सुरू केलं. मी एकटी वाजवत त्या जागेपर्यंत आले, थांबले, आणि मामा आत आला. वरातीत वाजवतो तसं नाही. बारीक, श्वास राखून. आई पिठाचे हात तसेच घेऊन दारात उभी होती. आमचं थांबलं तेव्हा ती म्हणाली, "रडू येस, पण गोड शे."

निवड तिथेच झाली. पहिल्या आणि तिसऱ्या भागाची पानं मी तोवर उलटूनही पाहिली नव्हती. जाणकार लोक सांगतील की कॉन्चेर्टो असा निवडत नाहीत; बोटांची तयारी बघतात, कठीण जागा मोजतात, मग ठरवतात. ते बरोबरच असेल.

आंटींना सांगायला मी जरा बिचकत होते. "बँडवाला?" त्यांनी विचारलं. "लग्नातला?"

"हो. माझा मामा."

"नोटेशन वाचतो?"

"नाही."

"माझा नवरा पण वाचत नव्हता," त्या म्हणाल्या. "आण त्याला."

मामा इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल लावून आला. त्याला त्या खोलीत कुठे बसावं ते कळेना. भिंतीवरच्या तसबिरी, काचेचं कपाट, पियानो, आणि मधोमध आंटी. "मॅडम, तुम्ही सांगाल तसं," असं तो दोनदा म्हणाला, गुजरातीत. आंटींनी त्याला पहिलं काम सांगितलं ते म्हणजे बूट काढ आणि रवो, म्हणजे पारशी शिरा, खा. रव्याच्या वाटीनंतर तो जरा सैल झाला. आणि त्या अर्धा सूर उतरलेल्या पियानोशी त्याचं क्लॅरिनेट असं जुळलं की आंटींनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

आता खरंच दुसरा पियानो हवा होता. माझा डिजिटल पियानो टेम्पोत घालून नानपुऱ्याला न्यायचं ठरलं. मामाच्या बँडमधल्या ढोलवाल्यांनी तो उचलला. जिन्याच्या वळणावर ते "गणपती बाप्पा मोरया" म्हणाले, सवयीने, आणि आंटींनी दारातून जोरात "मोरया!" असा प्रतिसाद दिला. त्याआधी महिनाभर त्या म्हणत होत्या की विजेवर चालणारी वस्तू हे वाद्यच नव्हे, मिक्सर आहे तो. सोलो वाजवणाऱ्याला खरा पियानो मिळालाच पाहिजे, हा त्यांचा हट्ट, म्हणून मिक्सर त्यांच्या वाट्याला आला. त्या नाक मुरडत बसल्या. पण त्याच्या पट्ट्या त्यांच्या जुन्या पियानोपेक्षा खूप हलक्या होत्या. बोटं कमी दुखत होती. मग मी त्यांना ते बटण दाखवलं, जे दाबलं की पियानोऐवजी व्हायोलिनांचा ताफा वाजतो.

आंटींनी एक सूर दाबला. मग दुसरा. मग दोन्ही हातांनी एक भरगच्च स्वरसमूह धरला आणि तो सोडलाच नाही.

"हे कधीपासून आहे जगात?" त्यांनी विचारलं.

त्यानंतर तासभर मला पियानोवर हातही लावता आला नाही. त्या व्हायोलिन झाल्या होत्या.

उत्तरायण झाल्यानंतरच्या एका रविवारी सकाळी आम्ही वाजवायचं ठरवलं, फक्त मधला संथ भाग, आंटींच्याच खोलीत. बाहेरच्या तारांवर अजून फाटके पतंग लोंबत होते. आंटींच्या शेजारणी आल्या, दोन-तीन जुन्या विद्यार्थिनी आल्या, मामाचे बँडवाले आले आणि ओळीने भिंतीला टेकून बसले. आई नवी साडी नेसून पहिल्या खुर्चीत. ती साडी माझ्याच डिझाइनची होती, आणि हे ती शेजारच्या बाईंना अहिराणीत सांगत होती, आणि त्या बाई गुजरातीत मान डोलवत होत्या.

मी सुरू केलं. हात थंड होते, पण चाल संथ असल्यामुळे सावरायला वेळ मिळाला. माझा एकटीचा भाग संपत आला तेवढ्यात एक बाई उशिरा आल्या आणि कुणीतरी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. खुर्चीचा पाय वायरीत अडकला. मी शेवटचा सूर सोडला, वाद्यवृंद यायचा तिथे मामा आला, अगदी बरोबर आला, पण एकटाच. आंटींचे हात पट्ट्यांवर चालत होते आणि आवाज काहीच नव्हता. प्लग निघाला होता.

मामाने डोळे मोठे करून माझ्याकडे पाहिलं, पण फुंकणं थांबवलं नाही. वरातीत घोडा बिथरला, जनरेटर बंद पडला, तरी बँड थांबत नसतो. आणि मग मला आंटींचा आवाज ऐकू आला. त्या गात होत्या. खालची ओळ, जाड, थरथरत्या आवाजात, "पम, पम" करत. मी माझ्या जागी आत आले. बँडवाल्यांपैकी एकाने ओणवं होऊन प्लग परत लावला. आंटींनी व्हायोलिनचं बटण दाबलं, दोन्ही हात ठेवले, आणि खोलीत असा काही भेसूर आवाज झाला की आईने कानावर हात नेला.

डिजिटल पियानो बंद होऊन पुन्हा चालू झाला की अर्धा सूर उतरवलेलं पुसलं जातं, हे मी त्यांना सांगायचं विसरले होते. आम्ही खाली, त्या वर. कोणतं बटण ते मला माहीत होतं, पण माझे दोन्ही हात अडकलेले. मी नुसती "आंटी, अर्धा!" असं ओरडले.

त्यांनी हात उचलले. माझ्याकडे पाहिलं नाही, बटणाकडेही नाही. समोरच्या पानाकडे बघत त्यांनी एक ओळ तशीच जाऊ दिली, आणि पुढच्या ओळीला हात ठेवले ते अर्धा सूर खाली सरकवून. पानावर लिहिलेला प्रत्येक सूर डोळ्यांनी एक वाचायचा आणि बोटांनी त्याच्या खालचा दाबायचा, तेही सुजलेल्या सांध्यांनी, न थांबता. व्हायोलिन आली. बरोबर आली. मामाच्या सुराखाली अंथरूण घालावं तशी आली. माझं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं आणि त्या नादात मी एक साधी जागा चुकले, पण ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

संपलं. मग बँडवाल्यांनी शिट्ट्या मारल्या. आंटी खुर्चीत मागे रेलल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि त्या हसत होत्या.

"कसं केलंत ते?" मी विचारलं.

"कॉलेजात असताना आमचे पियानोचे सर छडी घेऊन हेच करायला लावायचे. वर सरकव, खाली सरकव. तेव्हा मी त्यांना फार शिव्या दिल्यात मनात." त्यांनी हात पुढे केले. "आता दाब जरा. फार दुखताहेत."

आईने माझ्याआधीच त्यांचे हात हातात घेतले. पर्समध्ये तिची तेलाची बाटली होतीच. त्या दोघी बराच वेळ तशा बसल्या होत्या, एक अहिराणीत विचारतेय, दुसरी गुजरातीत उत्तर देतेय. काय बोलत होत्या ते मी ऐकलं नाही, कारण मामा मला एका कोपऱ्यात ओढून विचारत होता की याचे अजून दोन भाग आहेत म्हणालीस, त्यात क्लॅरिनेट आहे ना?

आहे. पहिला भाग आता आमचा बऱ्यापैकी उभा राहिलाय. डिजिटल पियानो आंटींकडेच राहिला. ऑफिसला जाण्याआधी मी नानपुऱ्यात उतरते आणि त्यांच्याकडे सराव करते, आणि त्या अंघोळ करता करता आतून चुका सांगतात. तिसरा भाग भलताच वेगवान आहे. माझा डावा हात अजून त्याच्या मागेच धावतोय, आणि आंटी म्हणतात की हळू वाजवलं तरी चालेल, पण हसत वाजवायचा आहे तो. मामाने त्याची सुरुवात ऐकल्या ऐकल्या तोंडपाठ केली. काल तर एका वरातीत, कामरेजच्या बाजूला, दोन गाण्यांच्या मध्ये त्याने ती घुसवली आणि लोक नाचले म्हणे. पण आता लग्नाच्या तिथी एकाला एक लागून आहेत, रविवारी तो मोकळा नसतो, त्यामुळे तालमी बंद आहेत. लग्नसराई संपेपर्यंत मला आणि आंटींना वाट बघावी लागणार.